मास्तरीणवालीची सासू

रविवारी दुपारची जेवणं आटोपली, की तुळसाबाईच्या घरी बायका जमायच्या. कोणी बसायला आपली चटई घेऊन यायची, कोणी निवडायची मेथी. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत तुळसाबाईचं घर दोनच खोल्यांचं, पण पुढच्या खोलीत टीव्ही मोठा होता. तिचा मुलगा धम्मानंद बाजारात पंखे, कूलर, मिक्सर दुरुस्त करायचा. कोणीतरी टाकून दिलेला तो टीव्ही त्यानं घरी आणून चालता केला होता. सून रोशनी त्याला मोबाइल जोडून जुना पिक्चर लावून द्यायची. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखालची ती काळी काच उजळली, की बायकांच्या गप्पा आपोआप थांबायच्या.

पिक्चर सगळे जुने, बहुतेक काळेपांढरे. त्यांची खरी नावं कोणाच्या ध्यानात नसत आणि कोणाचं त्यावाचून अडतही नसे. गावची विहीर सगळ्यांना खुली व्हावी म्हणून पाटलाशी भांडणारी बाई ज्यात होती, ती 'विहीरवाली'. नवऱ्याचं घर सोडून काखेत तंबोरा घेऊन निघते, ती 'तंबोरावाली'. सख्ख्या बापाविरुद्ध कोर्टात उभी राहते, ती 'वकिलीणवाली'.

"आज कोणती लावून राहिली वं रोशनी?" शेजारच्या शोभाताई दारातूनच विचारायच्या.

"तुम्ही म्हणाल ती."

"तंबोरावाली लाव. भल्ले दिवस झाले तिले पाहून."

जशी काही ती माहेरवाशीणच.

ही नावं तुळसाबाईनं आणली होती टॉकीजातून. तिथल्या लेडीज क्लासच्या दारावर तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं.

तुळसाबाई मूळची कुहीकडची, धानाच्या बांध्यांतून वाढलेली. आईबापांनी नागपूरला येऊन दीक्षा घेतली, तेव्हा ती बापाच्या खांद्यावर बसून आली होती. त्या दिवसाचं तिला फक्त एवढंच आठवे, की खाली पाहावं तिकडे पांढरंच पांढरं होतं. पुढे लग्न होऊन ती नागपुरातच आली. नवरा नानाजी सूतगिरणीत कामाला होता. पाचसहा वर्षांतच त्याच्या छातीनं दगा दिला. चार पावलं चालला की धाप लागायची. घरात तो, तुळसा आणि तिची सासू बायजाबाई. चूल तर पेटायला हवी. अशात इतवारीकडच्या एका टॉकीजात लेडीज क्लाससाठी बाई पाहिजे, असं कोणीतरी सांगत आलं. काम साधं होतं. दारावर तिकिटं फाडायची, अंधारात बॅटरी दाखवून बायकांना जागेवर बसवायचं आणि पुरुषांना तिकडे फिरकू द्यायचं नाही.

बायजाबाईनं ऐकलं आणि हातातली भाकर तव्यावर तशीच सोडून दिली.

"अंधारात उभी राहणारी बाई म्हणतील तुले. माह्या घरची सून टॉकीजात? लोक का थुंकतील ते पाहाले मी जित्ती नाही राहणार."

आता गंमत अशी, की वस्तीत पिक्चरची सगळ्यात मोठी शौकीन बायजाबाईच होती. हाती चार पैसे आले की ती शेजारणींना गोळा करून मॅटिनीला जायची. विहीरवाली तिनं किती वेळा पाहिली होती, याचा हिशेब तिलाही नव्हता. पडद्यावरची बाई पाटलासमोर ताठ उभी राहून बोलायला लागली, की बायजाबाई पदर तोंडात धरून रडायची. घरी येऊन रात्रीपर्यंत तिचंच बोलणं. "बाई असावी तं अशी." आणि घरातली बाई चार पैसे मिळवायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते म्हटलं, की तीच बायजाबाई दारात बसून जीव देण्याची भाषा करायची.

तुळसा भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वेणी घातली, नानाजीला भात-वरण वाढून ठेवलं आणि निघून गेली. बायजाबाई तीन आठवडे तिच्याशी बोलली नाही. नंतर एका दुपारी शेजारणींसोबत ती स्वतःच टॉकीजात आली. शो सुरू झाल्यावर एक गडी अंधाराचा फायदा घेऊन लेडीज क्लासमध्ये शिरला आणि कडेच्या पोरीजवळ जाऊन बसला. तुळसानं बॅटरी सरळ त्याच्या तोंडावर मारली आणि ती हलवलीच नाही. सगळं थेटर वळून पाहायला लागलं. गडी हातानं तोंड झाकत उठला, तरी ते उजेडाचं वर्तुळ दारापर्यंत त्याच्या तोंडावरच. बायका हसायला लागल्या. मग कोणीतरी टाळी वाजवली.

त्या संध्याकाळी तुळसा घरी आली, तेव्हा तिचं ताट वाढून वर दुसरं ताट झाकून ठेवलेलं होतं. बायजाबाई पाठ करून झोपली होती. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून ताट झाकलेलं असायचं.

लेडीज क्लासच्या दारापाशी उभं राहून तुळसाबाईनं पिक्चरपेक्षा पाहणाऱ्या बायका जास्त पाहिल्या. पडद्यावरची बाई घर सोडून निघायची, भर पंचायतीत बोलायची, नवऱ्यानं उगारलेला हात धरायची. तेव्हा इकडे अंधारात बायकांच्या पाठी ताठ व्हायच्या. बांगड्यांचा आवाज यायचा. एखादी मोठ्यानं म्हणायची, "शाबास माय!" आणि मग शेवटचं रीळ लागायचं. तिथे ती बाई एकतर मरायची, नाहीतर पोराला ताप यायचा आणि ती परत येऊन कोणाच्या तरी पायावर डोकं ठेवायची. पाठी पुन्हा वाकायच्या. दिवे लागत, तेव्हा त्याच बायका पदर नीट करून, खाली पाहत, एकमेकींशी न बोलता बाहेर पडायच्या. तुळसाबाईला वाटे, जणू कोणी त्यांच्या हातात काही दिलं आणि लगेच काढून घेतलं.

जरीपटक्याची एक सिंधी बाई दर बुधवारी यायची. कापडाच्या दुकानदाराची बायको, हातात रुंद पाटल्या. ती शेवटच्या रिळाआधी न चुकता उठायची. एकदा तुळसाबाईनं विचारलं, "बहनजी, ख़तम तो होने दो."

बाई म्हणाली, "यहाँ तक कहानी मेरी है. आगे उनकी मर्ज़ी." आणि निघून गेली.

धम्मानंद फार उशिरा झाला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. तो शाळेत जायला लागला, त्याच्या आगेमागेच नानाजी गेला, मग बायजाबाई. टॉकीजाच्या कमाईवर तुळसाबाईनं पोराला आयटीआयपर्यंत शिकवलं. पुढे टॉकीजच बंद पडली, पाडली गेली, तिथे दुकानांचा कॉम्प्लेक्स उभा राहिला. तोवर तुळसाबाईचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. रोशनी सून होऊन आली आणि वर्षभरात घरात नात आली, मेघा. सासू-सुनेचं बरं जमायचं. वस्तीत लोक म्हणायचे, तुळसाबाईची सून सुखी आहे, सासूनं जग पाहिलेलं आहे.

रोशनी होती बोलायला कमी आणि चालायला चपळ. लग्नाआधी ती शाळेकडून धावायची. मेघा बालवाडीत जायला लागली, तेव्हा तिनं वनरक्षकाच्या भरतीचा अभ्यास सुरू केला. पहाटे ओढणी कमरेला बांधून ती मैदानावर पळायला जायची. त्या वेळी मेघाला उठवणं, न्हाऊ घालणं, डबा भरणं तुळसाबाई करायची. धम्मानंदनंही आडकाठी केली नव्हती. त्याचं कारण त्यानं एकदा मित्राला सांगितलं होतं, आणि ते तुळसाबाईच्या कानावर पडलं होतं. "पळू दे ना बाप्पा. हजारो पोरी फॉर्म भरून राहिल्या. तिचंच थोडी होणार आहे?"

झालं तिचंच.

नेमणूक मिळाली पारशिवनीकडे, पेंचच्या जंगलाला लागून. रोशनी ऑर्डर घेऊन आली, तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता, की तुळसाबाईला क्षणभर ती परकी पोरगी वाटली. धम्मानंदनं कागद वाचला, घडी करून टीव्हीवर ठेवला आणि जेवायला बसला. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "जमणार नाही."

"काहून?" रोशनीनं विचारलं.

"जंगलात ड्युटी. वाघ फिरून राहिले तिथं. रात्री-बेरात्री गस्त. अन् राहणार कुठं? पोरीचं काय? आईचं काय?"

"पारशिवनीत खोली घेऊ. मेघा तिथल्या शाळेत जाईल. तुम्ही शनिवारी येजा."

"अन् मी बाजारातल्या लोकाइले का सांगू? बायको जंगलात नोकरी करून राहिली अन् मी इथं एकटा भाकरी थापून राहिलो?"

रोशनीनं तुळसाबाईकडे पाहिलं. धम्मानंदनंही पाहिलं. दोघांनाही वाटत होतं, की आई आपल्या बाजूनं बोलेल. तुळसाबाई मेघाच्या केसांतून फणी फिरवत होती. ती फिरवतच राहिली.

"आई, तुम्हाले काय वाटते?" शेवटी रोशनीनंच विचारलं.

"पोरगी लहान आहे अजून," तुळसाबाई म्हणाली. "पाहू पुढं."

रोशनी उठली. तिनं उष्टी भांडी उचलली आणि मोरीत नेऊन घासायला बसली. तिच्या पाठीकडे पाहताना तुळसाबाईला कुठेतरी टोचलं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. हजर व्हायला अजून महिनाभर मुदत होती. महिना असाच निघून जाईल, तिला वाटलं.

त्या दिवसांत घरात भांडण असं झालं नाही. रोशनी पहाटे पळायला जायची बंद झाली, एवढंच. सकाळी ती उशिरापर्यंत पडून राहायची आणि उठली की न बोलता कामाला लागायची. मेघाला न्हाऊ घालायला, डबा भरायला आता ती मोकळी होती. तुळसाबाईला हात हलवायची गरज उरली नव्हती. सोपं झालं होतं सगळं, आणि तरी तिला घर जड वाटत होतं.

एका रविवारी शोभाताईंनी मास्तरीणवाली लावायला सांगितली.

तो पिक्चर तुळसाबाईला तोंडपाठ होता. खेड्यातली सून पोरींसाठी शाळा काढायची म्हणते. घर उलटतं. नवरा गप्प बसतो. सासू दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवी उभी राहते. सून त्या हाताखालून वाकून निघून जाते. मग गोठ्यात शाळा भरते, पोरी जमतात, गावचे लोक दगड मारतात, ती हटत नाही. आणि शेवटी पोराला ताप येतो, ती धावत परत येते, सासूच्या पायावर पडते, शाळेला कुलूप लागतं. त्या कुलपावर पाटी येते, 'समाप्त'.

सून हाताखालून वाकून निघाली, तशा खोलीतल्या बायका बोलायला लागल्या. "शाबास!" "जा वं माय, मागं नको पाहू." "अन् ही बुढी पाहा, कशी आडवी झाली! घरात का सोनं पुरून ठेवलं इनं?" कोणीतरी सासूला अशी शिवी हासडली, की मेथी निवडता निवडता सगळ्या फिसकन हसल्या.

तुळसाबाई हसली नाही. ती टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. टॉकीजात तिची जागा दारापाशी, मागे. तिथून पडदा लांब आणि मधे बायकांची डोकी. इतक्या वर्षांत या घडीला ती नेहमी बायकांकडेच पाहत आली होती. आज पहिल्यांदाच तिला दिसलं, की सून निघून गेल्यावर बैलगाडीचं दृश्य यायच्या आधी थोडा वेळ सासू दारात तशीच असते. तिचे हात खाली येतात. एक हात चौकट चाचपतो, आणि त्याच्या आधारानं ती हळूहळू खाली बसते. मागे घरात कोणी नसतं.

"रोशनी, जरा मागं घे," तुळसाबाई म्हणाली.

"कुठून?"

"सासू दारात आहे ना, तिथून."

रोशनीनं मागे घेतलं. पुन्हा सून वाकली, निघाली. पुन्हा म्हातारी खाली बसली.

"कोणाले पाहून राहिली वं तुळसा?" शोभाताई म्हणाल्या.

"सासूले."

बायका हसल्या. तुळसाबाई मात्र टीव्हीकडेच पाहत होती. ती सावकाश बोलली, आपल्याशीच बोलावं तशी.

"पोरींनी शिकू नये म्हणून नाही वं ही आडवी झाली. ही भेली. सून गेली तं आपण या घरात एकटं उरू, म्हणून भेली."

मेथीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला. शोभाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"असंच असन," त्या म्हणाल्या. "पण मंग तिनं तसं सांगायचं ना सुनेले. हात काहून आडवे लावले?"

पिक्चर पुढे चालू राहिला. गोठ्यात शाळा भरली, दगड आले, ताप आला. तुळसाबाईचं लक्ष नव्हतं. मागे भिंतीला टेकून रोशनी बसली होती. शेवटच्या रिळात मास्तरीण पायावर पडली, तेव्हा रोशनी उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचाही नाही. ती नुसतीच आत जाऊन उभी राहिली असावी.

बायका गेल्या. मेघा शोभाताईंकडे खेळायला गेली. तुळसाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आतल्या खोलीत गेली. रोशनी खिडकीपाशी होती.

"रोशनी, मी भेली होती वं."

रोशनी वळली.

"तुले नाही म्हणायचं नव्हतं मले. पण तू जाशील, पोट्टी जाईन, धम्मा दिवसभर बाजारात. मी इथं का करू? भिंतीइले पाहू? पोरगी लहान आहे म्हटलं, ते खोटं होतं. पोरगी कुठंही वाढते."

रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "मले वाटलं, तुम्हाले राग आला. मी पळाले जायची, तुम्ही सगळं करायच्या. वाटलं, थकल्या असान, म्हणून बोलत नाही."

"राग कायचा वं?"

"मंग मले सांगायचं होतं ना, आई."

"तेच तं," तुळसाबाई म्हणाली. "शोभाही तेच म्हणून राहिली." आणि मग तिनं विचारलं, "पारशिवनीत दोन खोल्या भेटतील का एका जागी?"

रोशनी तिच्याकडे पाहतच राहिली.

"मी येते तुह्यासोबत. तू ड्युटीवर गेली, की पोरीजवळ कोण राहीन? गुडघे दुखतात, पण भाकर थापता येते अजून."

संध्याकाळी धम्मानंद आला. तुळसाबाईनं त्याला आधी चहा दिला, मग समोर बसवलं. तिला वाटलं होतं, आपल्याला जोर लावून बोलावं लागेल. पण आवाज नेहमीसारखाच निघाला.

"रोशनी जाऊन राहिली पारशिवनीले. मीही जाऊन राहिली. मेघाही."

धम्मानंदनं कप खाली ठेवला. "अन् मी?"

"तुले यायचं असन तं तूही ये. नाहीतर शनिवारी येत जा."

"आई, लोक हसतील. बायको गेली म्हणतील, अन् माय पण गेली म्हणतील."

"हसतील," तुळसाबाई म्हणाली. "मी टॉकीजात लागली, तेव्हाही हसले. तुह्या आजीनं तं जीव द्यायचं म्हटलं होतं. दिला का?"

"ते वेगळं होतं. घरात खायले नव्हतं."

"हाव, वेगळं होतं. मले भुकेनं जावं लागलं. इले भुकेनं नाही जावं लागून राहिलं. ही स्वतः पळून, अभ्यास करून गेली वर. म्हणून नको म्हणायचं का आपण? भूक असली तरच बाईनं बाहेर पडावं, असं आहे का गा?"

धम्मानंद चिडला होता, आणि चिडण्याखाली दुखावला होता. तुळसाबाईला ते दिसत होतं. पोटचं पोर होतं ते. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यानं खांदा आकसून घेतला आणि उठून बाहेर गेला. रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेला, तो डबा न घेताच.

वस्तीत दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. काही म्हणाले, तुळसाबाईनं पोराचा संसार मोडला. सुनेनं नवरा सोडून जाण्याच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या, पण सासूच सुनेचं सामान बांधते, हे त्यांना नवीन होतं. शोभाताईंनी मात्र निघण्याच्या दिवशी तिळाची चटणी डब्यात भरून दिली आणि म्हणाल्या, "रविवारचं मी पाहते. टीव्ही माह्या घरी नेऊन ठेवते, चालते ना?"

"ने," तुळसाबाई म्हणाली. "धम्माले सांग, तो लावून देईन."

पारशिवनीत त्यांना बाजारापासून थोडं आत दोन खोल्या मिळाल्या. पुढे अंगण आणि अंगणात सीताफळाचं झाड. पहिले काही दिवस तुळसाबाईला झोप लागायची नाही. गाड्यांचे आवाज नाहीत, कुठे लाउडस्पीकर नाही, आणि अंधार असा, की टॉकीजातला अंधार त्यापुढे काहीच नव्हता. रोशनी खाकी कपडे घालून सकाळी स्कूटीवर निघायची. पहिल्यांदा तिनं तो पोशाख घातला, तेव्हा तुळसाबाईनं तिला अंगणात उभं करून पुढून-मागून पाहिलं आणि फक्त म्हणाली, "पट्टा जरा घट्ट कर." मेघा शाळेत गेली, की दिवस लांबलचक पडायचा. शेजारच्या घरची गार्गी नावाची तरुण सून बाळाला घेऊन येऊन बसायला लागली, तेव्हा तो जरा आटोक्यात आला.

धम्मानंद पहिल्या शनिवारी आला नाही. दुसऱ्याही नाही. फोन मेघाला करायचा, तिच्याशीच बोलायचा. रोशनी फोन वाजला, की खोलीबाहेर जायची. एका रात्री तुळसाबाईनं तिला विचारलं, "पस्तावून राहिली का?"

"नाही," रोशनी म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "आठवण येते त्यांची. पण पस्तावा नाही."

तुळसाबाईच्या मनात तेव्हा आलं, की पिक्चरमध्ये हे कोणी दाखवत नाही. तिथे बाई घर सोडते, तेव्हा एकतर तिला नवरा नकोसा असतो, नाहीतर आठवण आली, की ती हरून परत जाते. आठवण काढत काढत रोज ड्युटीवर जाणारी बाई त्यांना कधी सुचली नाही.

दोन महिने उलटून गेल्यावर एका शनिवारी धम्मानंद एसटीनं आला. हातात मेघासाठी संत्र्याची बर्फी आणि एक जुना टेबलफॅन. "इथं गरम होत असन म्हटलं," एवढंच बोलला. रोशनीनं त्याला पाणी दिलं. त्यानं अंगणात बसून फॅन उघडला, तेल घातलं, चालू करून पाहिला. सगळं बोलणं त्या फॅनविषयीच झालं. पण रविवारी दुपारी जाताना तो बायकोऐवजी आईला म्हणाला, "पुढच्या शनिवारी येतो," आणि पाहिलं मात्र रोशनीकडे.

मग तो येत राहिला. कधी खूश, कधी तोंड पाडून. बाजारातले लोक काही टाकून बोलले असले, की ते त्याच्या चेहऱ्यावरून तुळसाबाईला कळायचं. ती विचारायची नाही. एका खेपेला त्यानं सांगितलं, की आता भाकरी गोल होते.

उन्हाळा लागला, मोहाची फुलं पडायला लागली. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात आणि कधीकधी ती आग पसरत जाते. एका शनिवारी दुपारी धम्मानंद आला, तेव्हा रोशनी घरी नव्हती. सकाळी फोन आला होता, कुठेतरी पाला पेटला म्हणून. तो अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात येरझारा घालत राहिला. फोन लागत नव्हता. तुळसाबाईही भ्यालेली होती. पण या खेपेला तिनं ते लपवलं नाही.

"मलेही भेव वाटते गा," ती म्हणाली. "ये, बस इथं. दोघंही भेऊ."

तो तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसला.

ऊन उतरत असताना रोशनीची स्कूटी वळणावर दिसली. तिचे कपडे राखेनं भरले होते, भुवयांवर काजळी, हातांवर फांद्यांचे ओरखडे. तिच्यासोबतच्या लोकांनी आणि तिनं ओल्या फांद्यांनी झोडपून झोडपून आग विझवली होती. ती गाडी लावून तशीच ओट्यावर बसली. बोलायलाही त्राण नव्हतं.

धम्मानंद तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग आत गेला आणि त्यानं तिच्यासाठी गॅसवर पाणी ठेवलं. बाहेर येऊन तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसला.

"विझली का पुरी?" त्यानं विचारलं.

"विझली."

"किती मोठी होती?"

रोशनी सांगायला लागली. कुठून सुरू झाली, वारा कसा फिरला, एक सांबर कसं त्यांच्या अंगावरून उडी मारून गेलं. तो मधे मधे विचारत होता आणि ती सांगत होती. इतकं सलग बोलताना तुळसाबाईनं तिला कधी ऐकलं नव्हतं. आत पाणी तापलं, उकळलं, कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी तुळसाबाईच उठली आणि गॅस बंद करून आली.

त्यानंतर त्यानं पारशिवनीच्या एसटी स्टँडजवळ एक गाळा पाहून ठेवला आहे. जरीपटक्याचं दुकान एवढ्यात सोडायचं नाही, म्हणतो. आठवड्यातले काही दिवस इथे, काही तिथे, करून पाहू. कूलर इकडेही बिघडतातच. रोशनी पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला जाणार आहे. ते कैक महिन्यांचं आहे. मेघाची शाळा, घर, स्वयंपाक, सगळं तुळसाबाई पाहणार, आणि जे तिला झेपणार नाही ते धम्मानंद. परवा तिनं त्याला वरणाला फोडणी द्यायला शिकवलं. मोहरी तडतडायच्या आधीच तो हिंग टाकतो. तीनदा सांगितलं, तरी टाकतोच.